आईने अडवलेलं आमेन

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आईपप्पांचं भांडण एकदाही झालं नाही. जे काही झालं ते देवाशी बोलताना झालं.

आमचं घर ख्रिस्ती. रोज संध्याकाळी जेवणाआधी चौघांनी सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. आधी पप्पा, मग आई, मग मी, शेवटी धाकटा भाऊ. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मध्ये बोलणं म्हणजे महापाप. त्यामुळे मनातलं बिनधोक बोलायची ती एकच जागा होती. "प्रभू, तुझ्या सेवकाला ओला टॉवेल दोरीवर टाकायची बुद्धी दे," असं आई म्हणाली की सेवक डोळे मिटूनच "आमेन" म्हणायचा. आमेन म्हणजे मान्य.

पप्पा कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते. रविवारी उपासना आटोपली की खडवलीला उतरून तासभर चालत एका आदिवासी पाड्यावर जायचे. पोरांना अक्षरं शिकवायची, येशूच्या गोष्टी सांगायच्या, खरजेला मलम लावायचं. मी नववीत असताना एका संध्याकाळी ते प्रार्थनेत म्हणाले, "प्रभू, नोकरी सोडून पाड्यावरच राहायला ये, अशी तुझी हाक मला ऐकू येते आहे. आम्हा सर्वांना तयार कर."

आमेन आली दोनच. माझं आणि भावाचं, सवयीने. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटलेले. मग तिची पाळी आली.

"प्रभू, यांना तुझी हाक ऐकू आली, आनंद आहे. मला आलेली नाही. माझे कान तूच केलेस. पुढच्या वर्षी मुलीची दहावी आहे, हेही तुला माहीत आहे."

तिच्या आमेनशिवाय राजीनामा देणार नाही, असं पप्पांनी दुसऱ्या दिवशी देवाला सांगून टाकलं. महिना उलटला. रोज तीच विनंती, रोज आई गप्प, आणि रोज भात निवायचा. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. सकाळी नळावर त्या विचारायच्या, "काय हो, काल तरी लागला का निकाल?"

"पुढची तारीख," आई म्हणायची.

आईच जिंकावी, असं मला मनातून वाटत होतं. मैत्रिणी इथे, शाळा इथे. पण तसं मोठ्याने मागायला जीभ रेटेना.

आज ते दोघेही नाहीत. आमच्यासाठी त्यांनी ना जागा ठेवली, ना दागिना. पाड्यावरच्या कुडाच्या घरातली सात वर्षं ठेवली आणि ही सतरंजीची सवय. भावाचं बायकोशी बिनसलं की तो अजूनही म्हणतो, "चल, प्रार्थना करू." वहिनी म्हणते, "आधी मी." मी हसते. पण देव खरोखर ऐकत बसलेला असतो, हे माझ्या मनात कायमचं बसलं ते त्या सतरंजीवरच.

म्हणजे आम्ही पाड्यावर गेलोच. कसे, ते सांगते.

महिना उलटून गेल्यावर एका संध्याकाळी पप्पांचा आवाज पडलेला होता. नोकरीचा विषय त्यांनी काढलाच नाही. "प्रभू," ते म्हणाले, "सहा रविवार झाले, मी स्वतःच्या हाताने त्या लेकरांना मलम लावतोय. माती असो, धूळ असो, किळस न करता वरूनच थापतोय. तरी खरूज बरी होत नाही. लेकरं रक्त येईपर्यंत खाजवतात. माझ्या विश्वासात काय कमी आहे, ते दाखव."

माझ्या शेजारी सतरंजी हलली. आईने डोळे उघडले होते. पप्पांची प्रार्थना अजून अर्धीच होती, आणि आमच्या घरात जे कधीच घडलं नव्हतं ते घडलं. आई मध्येच बोलली.

"अहो, विश्वास भरपूर आहे, अंघोळ कमी आहे. मळावर कुणी मलम लावतं का? राहू दे, मीच येते तिकडे राहायला."