रुसणारा सुरक्षा अधिकारी

मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या त्या घरच्या कंपनीत कामाची वाटणी जन्मानेच होत असे. थोरल्याकडे कचेरी, धाकट्याकडे टगचं, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीचं, सुकाणू, पुतण्याकडे इंजिन. जावई लग्नाने आला, तोवर सगळी कामं वाटून झाली होती. उरली होती सुरक्षा. विमा कंपनीने सुरक्षा अधिकारी नेमा म्हणून धोशा लावला होता. सासऱ्यांनी जेवता जेवता जावयाकडे पाहिलं आणि नेमणूक झाली. शिट्टी, पांढरं हेल्मेट आणि काहीही न करण्याची पूर्ण मुभा, असं ते पद होतं.

पण हा गृहस्थ सरळमार्गी. त्याने काम खरोखरच करायला घेतलं आणि तिथेच बिनसलं.

टगच्या मागच्या डेकवरून मनगटाएवढा जाड दोर जहाजाकडे जातो. ताणलेला दोर तुटला की उलटा फटका मारतो, आणि तेव्हा मालक कोण नि नोकर कोण हे बघत नाही. आधीच्या नोकरीत जावयाने एका खलाशाचे दोन्ही पाय असे गेलेले पाहिले होते. म्हणून त्याने दोराच्या दोन्ही अंगांना पिवळी रेघ मारली. दोर ताणात असेपर्यंत रेघेच्या आत कुणी उभं राहायचं नाही.

सासरे मात्र उभी हयात तिथेच उभे राहत आले होते, तेही एक पाय दोरावर ठेवून. "दोर पायाशी बोलतो," ते म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघ पाहिली, "छान रंग आहे," म्हणाले आणि ओलांडून आत गेले. त्यांच्यामागून मुकादम गेला. आठवडाभरात रेघेचा अर्थच फिरला. आत उभं राहणं हा मान ठरला. आत उभं राहायला मिळालं, हे मुकादमाने सगळ्या सोयऱ्यांना कळवलं. बाकीचे खलाशी बाहेर उभे राहून मालकांच्या नजरेची वाट बघू लागले. जावयाने शिट्टी फुंकली की लोक कौतुकाने मान डोलवत.

त्याला सासऱ्यांचा राग येई, पण त्याहून जास्त भीती वाटे. त्याचे वडील लवकर गेले होते. बोटीवरून उतरताना "जेवलात का?" विचारणारं माणूस त्याला या म्हाताऱ्याच्या रूपानेच मिळालं होतं. त्यांचे पाय दोराच्या फटक्यात सापडलेले त्याला स्वप्नात दिसत.

"बाबा नियमबियम ऐकायचे नाहीत," बायको म्हणाली. "ते आईचंही ऐकत नाहीत."

"मग ऐकतात तरी कुणाचं?"

"रुसलेल्या पाहुण्याचं. आपल्या लग्नात तुमचे मामा रुसले, तर हातातला घास टाकून धावले होते."

त्याने ते हसण्यावारी नेलं.

पुढे एके सकाळी भलंमोठं मालवाहू जहाज ओढायचं काम निघालं. वारा उलटा होता. सासरे आत, पाय दोरावर; शेजारी मुकादम. जावयाची नजर मागच्या कठड्यावर गेली. दोर तिथे घासत होता आणि त्याचे पेड एकेक करून उसवत होते. त्याने जीव खाऊन शिट्टी मारली. सुकाणूवरच्या मेहुण्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी हात वर केला, ओढ!

"बाबा, दोर जातोय! बाहेर या!"

"माझ्या पायाला काही बोलला नाही तो."

आता काय करावं? ओढत बाहेर आणावं, तर दोघंही दोराच्या तोंडी. तेवढ्यात बायकोचं बोलणं आठवलं. त्याने हेल्मेट काढून दाणकन डेकवर आपटलं.

"बास! या घरात माझा काडीचा मान नाही! मी चाललो. तुमच्या मुलीलाही घेऊन जातो!"

आणि तो तरातरा टगच्या पुढच्या टोकाला चालता झाला. भर पाण्यात हा माणूस जाणार कुठे, हा विचार कुणालाच सुचला नाही. सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी वर्षं दोराला न घाबरलेला तो माणूस मुलीचं माहेर तुटणार या कल्पनेनेच गडबडला. "अहो जावईबापू, थांबा! असं काय करता!" म्हणत ते धावले. मालकांशिवाय आत उभं राहण्याची मुकादमाची छाती नव्हती. तोही मागोमाग आला.

सासरे सुकाणूच्या खोलीला वळसा घालून पुढे पोचले, जावयाचा हात धरला, आणि मागे तोफेसारखा आवाज झाला. ते परतून आले तेव्हा ते जिथे उभे होते तिथली डेकची लाकडी फळी दुभंगली होती. रेघेच्या बाहेर कुणाला ओरखडाही नव्हता. म्हातारा बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला. जावयाला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

आता सुरक्षेचा धडा सगळ्यांनी घेतला असेल, असं वाटेल. घेतला, पण आपल्या पद्धतीने. दोर उसवत होता हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जावई रुसला की दोर तुटतो, एवढं मात्र खलाशांनी पक्कं ध्यानात ठेवलं.

नवा दोर आला. पुन्हा मोठं जहाज आलं. दोर ताणायच्या आधी सासरे सवयीने रेघेपर्यंत गेले. एक पाय उचलला. तो तसाच अधांतरी ठेवून त्यांनी वळून पाहिलं. चारचौघांत माघार घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"काय जावईबापू," ते खाकरले, "आज रुसायचं नाही का?"

जावयाने निमूटपणे हेल्मेट काढलं आणि आपटलं.

"बघा, बघा! परत रुसले!" सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत सासरे लगबगीने पुढच्या टोकाला निघाले. त्यांच्यामागे सगळे खलाशी निघाले.