कुंकू लावलेला जपानी डोंगर

नातीने मोशीच्या फ्लॅटमध्ये जपानी डोंगराचं चित्र लावलं आणि माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं.

पिंपरीच्या कॉलनीत असताना, पन्नासच्या दशकात, अगदी हेच चित्र शेजारच्या सुशीलावहिनींकडे होतं. त्यांच्या यजमानांना कंपनीत आलेल्या जपानी साहेबाने दिलेलं. गर्द निळं आभाळ, पांढरं शिखर. माझ्या भिंतीवर नुसता खिळा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, कैरीच्या पन्ह्याच्या वासात, "हा कैलासच की गं!" म्हणत वहिनींनी शिखराला कुंकू लावलं. सगळ्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले, जळत जळत.

"आजी, हे चित्र छापताना प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा असतो," नात म्हणाली.

असेल. वहिनींच्या चित्रावर शेवटचा ठसा त्यांच्या बोटाचा होता. आमच्या डोंगराचं कपाळ कोरंच आहे.