वेळेआधीची घंटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रांना माझी प्रत्येक फजिती तोंडपाठ आहे त्यांनाही नाही. फजित्या मी चवीने सांगतो — ड्रायव्हिंग टेस्टमध्ये परीक्षकाच्याच उभ्या गाडीला ठोकलं, ते तर सगळ्या गावाला सांगून झालंय. पण ही फजिती नव्हे. हिला दुसरा शब्द आहे.

तेव्हा मेलबर्नला विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. आमच्या क्लेटन उपनगरात ज्याला त्याला विचारा, अकाउंटिंगचा मास्टर्स करत असायचा. मीही. अभ्यासात सुमार, पण मराठी शुद्ध! पुण्यात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला. म्हणून रविवारच्या मराठी शाळेत मी 'सर' झालो. शाळा चालवणारे काका मला घरामागच्या खोलीत जवळजवळ फुकट ठेवायचे.

त्या वर्षी भाषणस्पर्धेचा विषय काय? अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं जीवन. ऑस्ट्रेलियात, मराठीतून! कारण एवढंच, की काकांचे न्यू जर्सीवाले थोरले भाऊ पाहुणे म्हणून येणार होते. मी काय म्हणालो असेन? "वा काका, काय विषय!" मग सगळ्या पोरांकडून एकच भाषण घोटवून घेतलं — धैर्य, त्याग, शिस्त. महापुरुष बदलायचा, विशेषणं तीच ठेवायची. माझ्या ढाली अशाच आल्या होत्या.

ईरा तेवढी वेगळी. दहा वर्षांची, मराठी मोडकंतोडकं. तिने लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं आणि मला म्हणाली, "सर, त्यांच्याकडे स्लेव्ज होते. यू नेव्हर टोल्ड अस."

मलाच ठाऊक नव्हतं — हे कसं सांगणार? सरांना माहीत नाही, असं कधी असतं का? म्हटलं, "बघू नंतर." नंतर कुठला बघतोय मी!

स्पर्धेच्या दिवशी ती स्टेजवर उभी राहिली आणि घोटवलेलं सगळं सोडून स्वतःचंच बोलायला लागली. "त्यांच्या घरी एक मुलगी होती. गुलाम. एकदा राष्ट्राध्यक्ष जेवत होते, आणि ती दारातून निघून गेली. मग पेपरमध्ये जाहिरात आली. तिला पकडायला माणसं गेली. आणि ती..."

वेळ संपल्याची घंटा माझ्या हातात होती. वेळ संपली नव्हती. चांगली बाकी होती. मी पाहुण्यांकडे पाहिलं, काका आठवले, त्यांची खोली आठवली — आणि वाजवली.

ती थांबली. घंटा झाली की थांबायचं, हे मीच शिकवलं होतं ना.

आणि मी घाबरलो कुणाला? काका मागे केटररशी समोशांवरून भांडत होते. आईबाप आपापल्या पोराचा नंबर येईपर्यंत कॅमेऱ्यांशी झटापट करत होते. अख्ख्या हॉलमध्ये ऐकणारा एकच माणूस निघाला — तेच पाहुणे. नंतर मला कोपऱ्यात गाठून म्हणाले, "काय हो सर, ती पळालेली पोरगी पुढे सापडली का?"

"कल्पना नाही," मी म्हणालो. उत्तर ईराच्या पुढच्या वाक्यात होतं.

इतका भित्रा, आणि तोही विनाकारण! पण थांबा — इथपर्यंत नुसता भित्रा होतो. खरं ते पुढेच आहे.

ईरा माझ्याकडे आली. "सर, आय वॉज टू स्लो, ना?"

आता तरी? आता मला कोण अडवत होतं? एक शब्द पुरला असता — नाही.

"हो," मी म्हणालो. "जरा हळू बोललीस, बेटा."

बेटा म्हणालो, बघा.

पुढच्या रविवारी तिची आई कौतुकाने सांगत होती, "सर, घरी टायमर लावून प्रॅक्टिस करतेय हो. धाप लागेपर्यंत बोलते. मध्येच अडखळली की रडते, आणि परत पहिल्यापासून सुरू."

"छान," मी म्हणालो. "करू दे."