रविवारचा गोड तुकडा

माझ्या थोरल्या साडूंइतका मनापासून गोड खाणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. भूमला त्यांचा खव्याचा गाळा आहे. आसपासच्या गावांतल्या भट्ट्यांवरून सकाळी खवा येतो, तो दाजी पारखून घेतात आणि दुपारच्या आत हैदराबादच्या नाहीतर पुण्याच्या गाडीत चढवतात. असा धंदा असलेल्या माणसाला गोडाचा वीट यायला हवा. दाजींना कधी आला नाही. जेवणाच्या शेवटी गोड वाढणं हा त्यांच्या मते गोडाचा अपमान. "घर गच्च भरल्यावर पाव्हण्याला या म्हणायचं, ही काय रीत झाली व्हय?" असं ते विचारायचे. त्यामुळे त्यांचं जेवण गुलाबजामनं सुरू व्हायचं, मध्ये भाजी-भाकरी येऊन जायची आणि गुलाबजामनंच संपायचं. माझ्या मुलीच्या बारशाला कळंबला आले तेव्हा आचाऱ्यानं त्यांना बघून जिलेबीची परात डोक्यावर घेतली. दाजींनी पाटावरून उठून, चवड्यांवर उभं राहून दोन काढल्याच. वजन एकशे चार किलो, उंची बेताची. स्कूटरवर मागं बसले की चालवणाऱ्याला हँडल हलकं लागायचं. मी शाळामास्तर माणूस, मला असले किस्से लागतातच. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी म्हणायचं, सर, तुमच्या साडूंचं काही नवीन? आणि माझ्याकडं असायचंच.

मग अक्कांच्या दोन्ही किडन्या गेल्या. अक्का म्हणजे दाजींच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. आठवड्यातून दोनदा बार्शीला डायलिसिस सुरू झालं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बाई पुष्कळ वर्षं जगतील. आमच्या हिला स्वतःलाच शुगर, भाऊ कुणी नाही आणि अक्कांच्या एकुलत्या मुलीच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. राहिले दाजी. त्यांचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. इतकी वर्षं गोड खाऊन या माणसाची साखर मात्र ठीक निघाली, याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण ते म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही. ऐंशीच्या आत या, मग तारीख देतो. दाजी बाहेर येऊन मला म्हणाले, "पाव्हणं, चोवीस किलो. म्हंजे खव्याची एक पाटी. रोज पन्नास पाट्या उतरवून घेतो म्या, ही एक उतरवायला काय लागतंय?"

त्या दवाखान्यात आहार सांगायला एक तरुण मुलगी होती. तिनं काय खायचं, किती खायचं, कधी खायचं, सगळं समजावलं. दाजींनी मान डोलावत ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "आन् गोडाचं कसं?" गोड बंद, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण दाजींचा चेहरा बघून तिला पाझर फुटला असावा. म्हणाली, "काका, रविवारी एक तुकडा. आगपेटीएवढा. त्याच्यावर नाही." बिचारीला कुणाशी गाठ आहे हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच रविवारी दाजींनी बाजारातून चुलीसाठी येते ती मोठी आगपेटी आणली. अक्कांनी ती काढून घेतली आणि देवघरातली छोटी पुढं ठेवली. मग माप बाहेरच्या खोक्याचं धरायचं की आतल्या खणाचं, यावर सकाळ गेली. पेढे दाबून भरले की आगपेटीत अडीच मावतात, हा शोध दाजींनी दुसऱ्या रविवारी लावला आणि तिसऱ्या रविवारी अक्कांनी दाबायला बंदी घातली. येत्या रविवारी काय खायचं यावर त्यांचा गुरुवारपासून खल चालायचा. कुणी बासुंदी सुचवली की चिडायचे, कारण पातळ पदार्थात आगपेटीभर म्हणजे काहीच हाती लागत नाही. ठरलेला तुकडा ते सुरीनं वेलदोड्याएवढ्या बारा कापांत कापायचे आणि दार लोटून खायला बसायचे. त्या वेळात आलेल्या माणसाला अक्का बाहेरूनच सांगत, "थांबा जरा, आत रविवार चाललाय."

हे सगळं मी रंगवून सांगायचो आणि स्टाफरूम हसायची. त्याच घरातलं दुसरं माप मात्र मी कुणाला सांगितलं नाही. अक्कांना पाणी मोजून प्यावं लागे. दिवसभराचं पाणी सकाळीच एका तांब्यात काढून ठेवायचं, औषधाच्या गोळ्यांनाही त्यातलंच. भर मे महिन्यात, घशाला कोरड पडली की त्या चूळ भरायच्या आणि तोंडातलं पाणी तसंच मोरीत टाकायच्या. मी एकदा ते बघितलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. एका दुपारी दाजी कुरकुरत होते, "आज शुक्रवारच हाय व्हय अजून?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमचा रविवार येतो तरी. माझ्या पाण्याला रविवार न्हाय." त्यानंतर दाजींनी गोडाबद्दल तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

श्रावणात आम्ही चौघं सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला गेलो. दाजींनी मुद्दाम रविवार निवडला होता. त्या आठवड्याचा तुकडा म्हणून प्रसादाचाच पेढा खायचा, म्हणजे डॉक्टरचीही आज्ञा पाळली आणि देवाचीही, असा त्यांचा बेत होता. दर्शन झालं. पायरीवर बसून त्यांनी पेढा कागदातून काढला, आगपेटीशी ताडून बघितला आणि जास्तीचा भाग चिमटीनं काढून प्रामाणिकपणे आमच्या हिच्या हातावर ठेवला. राहिलेला तोंडाशी नेला, तेवढ्यात तिथल्या माकडांतलं एक दांडगं माकड खांद्यावरून आलं आणि पेढा घेऊन कमानीवर गेलं. सबंध आठवडा वाट बघितलेला तो तुकडा एका घासात नाहीसा झाला. दाजी रिकाम्या हाताकडं बघत म्हणाले, "बारा काप तरी करायचं हुतंस की रे." अक्का हसल्या. पदर तोंडाला लावून, ठसका लागेपर्यंत हसल्या. आजार लागल्यापासून त्यांना इतकं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. दाजी परत येताना गाडीत मला हळूच म्हणाले, "गेला तर गेला पेढा, झ्याक काम झालं."

एवढं करूनही वजन हलेना. पाच महिन्यांत एकशे चारचं एकशे एक झालं आणि तिथंच बसलं. आहार सांगणारी ती मुलगी दर महिन्याला फोन करायची. "काका, खरं सांगा हं, मधे काही खाता का?" दाजी काळभैरवनाथाची शपथ घ्यायचे. हळूहळू सगळ्यांना संशय येऊ लागला. आमच्या हिनं बहिणीला फोनवरून त्यांचे खिसे तपासायला लावले. अक्कांच्या मुलीनं माहेरी येऊन कपाटं उपसली. मी तर उघडच म्हणालो, दाजी, तुमचं पोट खोटं बोलतंय की तुम्ही? त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रविवार सोडून म्या एक कण गोड खाल्लं असंल तर ह्या हाताला किडं पडू द्या." त्यांचे डोळे भरले होते. तरीही मी विश्वास ठेवला नाही, हे आज कबूल करतो.

दिवाळीच्या सुट्टीत भूमला गेलो तेव्हा सकाळी त्यांच्याबरोबर गाळ्यावर जाऊन बसलो. खव्याच्या पाट्या येत होत्या. दाजी प्रत्येक पाटीतनं बोटांनी एक लचका तोडायचे, तळहातावर मळून तूप सुटतंय का बघायचे, वास घ्यायचे आणि तोंडात टाकायचे. डोळे मिटायचे. मग घोट गिळून सांगायचे, "करपट लागलाय." किंवा, "झकास. घ्या उतरून." वीस वर्षं मी हे बघत आलो होतो. त्या दिवशी सातव्या-आठव्या पाटीला माझं लक्ष त्यांच्या घशाकडं गेलं.

"दाजी, तुम्ही हे गिळताय."

"मग? चव बघाया लागती की."

"चव बघून थुंका की."

ते दचकून इकडंतिकडं बघायला लागले. माल आणणारी माणसं समोरच उभी होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय बोलताय पाव्हणं? खवा तोंडात घिऊन थुकला तर साऱ्या बाजारादेखत त्या भट्टीची अब्रू गेली. परत त्याचा माल कुणी घेईल व्हय?"

"पण हे खाणंच झालं ना."

"खातोय कुठं म्या? बघतोय."

त्यांनी मला फसवलं नव्हतं, त्या मुलीलाही नाही आणि काळभैरवालाही नाही. सुताराला रंधा मारणं जसं काम, तसं ते त्यांचं काम होतं. कामाला जेवणात धरायचं असतं, हे त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं नव्हतं. पुढची पाटी आली तेव्हा त्यांनी लचका तोडला, पण तोंडात घातला नाही. समोरच्या तराजूच्या पारड्यात ठेवला. पुढच्या पाटीचाही तिथंच ठेवला. बाजार उठेपर्यंत पारड्यात खव्याचा चांगला मोठा गोळा साठला. दाजींनी वजन टाकून बघितलं. आम्ही सकाळी बघितलेल्या आठ पाट्यांचे लचके त्यात नव्हतेच, तरी पाव किलोच्या वर भरला. ते बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "पाच म्हैनं. पाच म्हैनं ती तिकडं सुया टोचून घेतीया आन् म्या हितं..." मी म्हणालो, दाजी, डॉक्टर म्हणाले पाच महिन्यांनी काही बिघडत नाही. असं कुठलेही डॉक्टर म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खवा नुसत्या वासावर आणि हातावर घ्यायला सुरुवात केली. त्याचाही त्रास झालाच. ज्या म्हातारीकडनं त्यांच्या वडलांपासून माल यायचा ती गाळ्यात उभी राहून म्हणाली, "मालक, माझा खवा तोंडात बी घेण्यावाणी न्हाय व्हय आता?" दाजींनी हात जोडून, घरात आजारपण आहे म्हणून नेम केलाय, एवढंच सांगितलं. तिला ते पटलं नाही, ती पुन्हा आली नाही. दोनदा आंबूस माल हैदराबादला जाऊन परत आला. दाजींना त्याचं काही नव्हतं. वजन मात्र धडाधड उतरायला लागलं. पंच्याण्णव. नव्वद. शर्ट अंगावर झुलायला लागले. संक्रांतीला तर त्यांनी तिळाचा लाडू हातात घेऊन कपाळाला लावला आणि परत ताटात ठेवला. त्या आठवड्याचा रविवार होऊन गेला होता. मार्चमध्ये त्र्याऐंशी झालं. पुण्याहून निरोप आला की तपासण्या पुन्हा करून घ्या, महिन्याभरात तारीख देऊ. दाजींनी ती बातमी मला तीन वेळा फोन करून सांगितली.

त्याच आठवड्यात डायलिसिसहून परत येताना अक्कांना थंडी वाजून ताप भरला. जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. बार्शीला चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. दाजी डॉक्टर दिसले की उठून उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणाले, "साहेब, तीनच किलो ऱ्हायल्यात. तेवढं सोडा की. आत्ता घ्या काढून." डॉक्टर चांगले होते. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण आता प्रश्न किडनीचा राहिलेला नाही, असं सांगितलं. चौथ्या दिवशी पहाटे अक्का गेल्या.

तेराव्याला गोड जेवण झालं. रीतीप्रमाणे घरातल्या वडीलधाऱ्यांनी दुःख मागं टाकायचं म्हणून दाजींच्या तोंडात बुंदी घातली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी ती चावली, गिळली आणि पाणी मागितलं. ती गोड होती का आळणी, यातलं काही त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. मला त्या क्षणी जेवढं रडू आलं तेवढं स्मशानातही आलं नव्हतं. त्यानंतर जेवणावरचं त्यांचं लक्षच गेलं. मुलगी वाढेल ते अर्धं खायचे आणि उठायचे. वजन आता आपलं आपणच उतरत होतं.

एप्रिलच्या शेवटी मी त्यांच्याजवळ गाळ्यावर बसलो असताना फोन वाजला. दाजींना कानाला लावून नीट ऐकू येत नाही, ते फोन मोठ्या आवाजात ठेवतात. पुण्याची ती आहार सांगणारी मुलगी होती. मध्यंतरी रजेवर होती, असं दिसलं. तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं.

"काका, किती झालं वजन?"

दाजी म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर."

पलीकडं ती आनंदानं ओरडलीच. "काय सांगता काका! अहो, केलंत की तुम्ही! मी सगळ्यांना सांगते इथं. काकू खूश असतील ना?"

"व्हय."

"त्यांना माझा नमस्कार सांगा हं. आणि आता एक तुकडा जास्त खा, माझ्याकडून."

"सांगतो, बाळा," दाजी म्हणाले आणि फोन बंद करून त्यांनी खिशात ठेवला. मी न राहवून विचारलं, "दाजी, तिला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी समोरची पाटी उगाच जरा सरळ केली. "पाव्हणं, सगळ्या गावाला ठावं झालंय. त्या एका पोरीच्या लेखी ही अजून जित्ती हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की चार दिस."