काराबाख आणि आमचा नाला

मी पत्रकं लिहितो. पत्रकाची रीत ठरलेली: वर ‘जाहीर निषेध’, खाली मागण्या. निषेध कोणाचा ते ठरलं की बाकीचा मजकूर आपोआप उतरतो.

तेव्हा मागणी होती तांड्याला वेगळी ग्रामपंचायत मिळावी ही. बोरी अरबच्या अलीकडे माझं गाव, नाल्यापलीकडे माझ्या मित्राचा तांडा. त्याचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. आता हे लोक तिथेच कापूस पिकवतात, कर भरतात आणि ग्रामसभेत मागे उभे राहतात. कायले म्हणून? निषेध माझ्याच गावाचा आणि शीव नाल्याची, असं मी ठोकून दिलं. मित्राने वाचून मान डोलावली.

छापायच्या आधी विहारातल्या रविवारच्या वर्गात बोलायची माझी पाळी आली. वेगळं होऊ पाहणाऱ्या मुलखाचा दाखला म्हणून मी नागोर्नो-काराबाख घेतलं. वाटलं, डोंगरावरचे दबलेले, खालचे दाबणारे. सोपं काम आहे.

नकाशा उघडला आणि अडकलो. कॉकेशसच्या दक्षिणेकडचा हा डोंगराळ तुकडा. वस्ती बहुतेक आर्मेनियन, पण सोव्हिएत काळात तो अझरबैजानात घातला गेला. मी लगेच मॉस्कोचा निषेध लिहिला. पुढे ती सत्ता ढासळली, युद्ध पेटलं, आर्मेनियन जिंकले आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून लाखो अझरबैजानी देशोधडीला लागले. निषेधाचं नाव खोडलं. मग २०२० चं युद्ध, त्यात पारडं फिरलं. पुढे आर्मेनियाकडे जाणारा एकुलता एक रस्ता अडवला गेला आणि २०२३ मध्ये जवळजवळ सगळे आर्मेनियन त्याच रस्त्याने निघून गेले. परत खोडलं. राग तर येत होता, पण धरायचा कोणावर? तरी वाचणं काही सुटेना.

वर्गात हे जसंच्या तसं सांगितलं. मित्र मागून म्हणाला, “निषेधच नाही? मंग हे पत्रक होय का लग्नाची पत्रिका?” सगळे हसले. मी पुढे सांगितलं, की २०२० मध्ये एक जिल्हा सोडताना काही आर्मेनियनांनी स्वतःची घरं पेटवली, कबरी उकरून आपली माणसं सोबत नेली. तो हसायचा थांबला.

परतताना नाल्याच्या पुलावर त्याने विचारलं, “शीव नाल्यानं धरली ना बे तू?”

मी हो म्हणालो.

“आमची मसनवट इकडं हाये. तुह्या गावात.”

हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याची धाकटी बहीण तिथेच आहे. लग्नाआधी गेलेल्याला जाळायचं नाही, पुरायचं, ही तांड्याची रीत. आणि वेगळे झालात तर मसनवटही आपली शोधा, असं गावात काहीजण आधीच बोलून राह्यले होते.

शीव सरकार ठरवेल, मसनवटीची मागणी आपण खाली जोडू, असं मी म्हणून पाहिलं.

“तिले उकरून नेऊ काय?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निषेध काढला, नाला काढला. पहिली ओळ झाली: मसनवट दोघांची राहील. वेगळ्या ग्रामपंचायतीची मागणी त्याखाली. छापखानेवाल्याने दोनदा विचारलं, वरचं मोठं अक्षर राहिलं का म्हणून.

पहिला कागद मी माझ्या चुलत्यांच्या हातात दिला. वेगळ्या पंचायतीला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “मंग शीव कुठून जाते?”

माहीत नाही, मी म्हणालो, चला, पाहून येऊ. त्यांनी चपला घातल्या. मित्र बाहेर उभाच होता. आम्ही तिघं नाल्याकडे निघालो.