खांबावरचं पॅनेल आणि सायलीची अट

तीन मराठी घरांनी मिळून डोंगरात एक केबिन घेतली, की किस्से वेगळे शोधावे लागत नाहीत. दर वीकेंडला एखादा पडतोच, आणि आधीचा वितळायच्या आत त्याच्यावर दुसरा साचतो.

आम्ही सगळे मेलबर्नचे. केबिन मात्र तिथून चार तासांवर, बर्फाच्या पट्ट्यात. सरकारी वीज तिथे पोचत नाही. छपरावर सोलर लावलं तर ते हिवाळाभर बर्फाखाली जाणार. म्हणून आमच्यातला पुण्याचा मिलिंद म्हणाला, "उंच खांब रोवू आणि पॅनेल त्याच्यावर बसवू!" त्याची बायको सायली म्हणाली, "त्यापेक्षा डिझेल जनरेटर घ्या."

शेवटी सायलीनेच अट घातली. "एक हिवाळा देते. एकदा जरी लाइट गेले, तर खांब खाली आणि जनरेटर आत."

मिलिंदने तिथल्या तिथे तिच्या हातावर टाळी दिली. पुढचे तीन महिने त्याचा जीव त्या खांबावर टांगलेला होता.

*

खांब उभा राहिला. मिलिंदने पॅनेल व्यवस्थित दक्षिणेकडे वळवलं. पुण्यात त्याच्या घरी तसंच होतं!

शेजारचा ग्रेग, निवृत्त शिक्षक, कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी बराच वेळ उभा होता. इथे सूर्य उत्तरेला असतो, हे त्याने फार सभ्यपणे सुचवलं.

"मेट, ही वीज पेंग्विनांसाठी आहे का?"

*

बर्फ आपोआप घसरावा म्हणून पॅनेल जवळजवळ उभंच तिरपं केलं होतं. पहिला मोठा बर्फ पडल्यावर मिलिंदने सगळ्यांना बाहेर बोलावलं. खांबाखाली उभा राहून तो समजावू लागला, "आता ऊन आलं, की काच तापणार, खालचा थर सुटणार, आणि मग..."

आणि मग तो दिसेनासा झाला.

आमचा वसईचा डॉमनिक फावडं घेऊन धावला. उकरता उकरता म्हणाला, "थिअरी एकदम बरोबर आहे रे! फक्त तू उभा चुकीच्या जागी होतास!"

*

मिलिंदच्या आईला पुण्याला व्हिडिओ कॉलवर खांब दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"एवढं उंच कशाला रे ठेवलंय?"

"खाली बर्फ साचतो ना, आई."

"आणि तुम्ही कुठे राहता?"

"खाली."

"पोरा, उलटं नाही का झालं हे?"

*

एका सकाळी खांब हलताना दिसला. वारा नव्हता. मिलिंद एका पायात बूट घालून बाहेर पळाला. बघतो तर अस्वलाच्या पिल्लासारखा एक धष्टपुष्ट वॉम्बॅट डोळे मिटून खांबाला पाठ घासत होता!

"बाबा, लेट हिम फिनिश!" मिलिंदची मुलगी ईरा खिडकीतून ओरडली.

मिलिंद हताश होऊन म्हणाला, "वादळाचा हिशेब केला होता गं. याच्या खाजेचा नव्हता केला."

*

हिवाळ्याचा शेवटचा वीकेंड. आठवडाभर ढग, त्यात सकाळपासून ओला, चिकट बर्फ. तो काही घसरेना. दुपारी मिलिंद लांब दांड्याचा ब्रश घेऊन पॅनेल साफ करायला बाहेर गेला. दर दोन मिनिटांनी वळून खिडकीतल्या बल्बकडे बघत होता.

आत बॅटरीचा मीटर लाल झाला आणि टूं टूं करायला लागला.

सायली ताडकन उठली. मला वाटलं, आता जनरेटरचा विषय निघणार. तिने फ्रिज बंद केला. हीटरचा पंखा बंद केला. वायफाय काढलं.

"मम! द वायफाय!" ईरा किंचाळली.

"गप्प बस." मग तिने राइस कुकरचाही प्लग ओढला. डॉमनिक बल्बच्या बटणाकडे गेला, तशी ओरडली, "त्याला हात लावू नकोस!"

"भात अर्धा कच्चा आहे," मी म्हणालो. "गॅसवर ठेवू का?"

"नको. तो विचारेल."

आम्ही सगळे ब्लँकेटं पांघरून बसलो. बऱ्याच वेळाने ढग जरा फाटले, मीटर गप्प झाला. मिलिंद आत आला. भुवयांवर बर्फ, नाक लालभडक. आधी त्याने बल्बकडे बघितलं, मग सायलीकडे.

"गेले का लाइट?"

"कुठे गेले?" सायली म्हणाली. "बस जेवायला."

सगळ्यांची पानं वाढली. पहिला घास दाताखाली कराकरा वाजला. कोणी कोणाकडे बघेना. मिलिंदने शांतपणे ताट संपवलं आणि पुन्हा पुढे केलं.

"सायली, अजून थोडा वाढ गं. आज भात काय मोकळा झालाय!"