नवव्या फर्म्याच्या जागी गुलाबी कागद

शुक्रवारी दुपारी कॉलेजातून आले, सॅक पलंगावर रिकामी केली आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून तो फर्मा बाहेर घसरला. सोळा पानं, मधोमध दुमडलेली, घडीवर जुन्या खळीचे तपकिरी डाग. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने घातलेला ९. ज्या पुस्तकातली ती पानं होती ते पुस्तक बाबांनी शिवून, दाबून, कडा कापून बुधवारीच पोचवलं होतं.

आई स्वयंपाकघरात होती. मी फर्मा उशीखाली सरकवला आणि त्याच उशीवर बसून राहिले.

बाबा बाइंडर. गिरगावातल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तो बंद पडला तोवर आम्ही लालबागची खोली सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात आलो होतो. मग ते घरीच काम करू लागले. अर्धा हॉल त्यांचा: लाकडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं. काम मुख्यतः एकाच ठिकाणाहून यायचं, काशीगावच्या पुढे हायवेला लागून झालेल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लायब्ररीतून. तिथे कुणा निवृत्त विमान-इंजिनीअरने आपली पुस्तकं देऊन टाकली होती. सगळी इंग्रजी, आणि बहुतेकांच्या पाठी फाटलेल्या.

बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही. आकडे आणि अक्षरं ओळखायचे, पूर्वी तेवढं पुरायचं. त्या वर्षी गणपतीनंतर त्यांनी एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा चिकटवला. लायब्ररीतल्या मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, "काका, मला वरून बोलणी बसतात. परत असं झालं तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल." घरी येऊन बाबांनी मला एवढंच सांगितलं, "बाय, पानं आता तू जुळवत जा. इंग्लिश तुझं आहे ना." मला ते कारण खरं वाटलं.

जुनं पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. ते क्रमाने लावायचे, फाटलेली पानं डकवायची, मग बाबा एकेका फर्म्याच्या घडीतून सुई घालून ते परत शिवायचे. यात एक नियम होता. एखादा फर्मा बाजूला काढला तर त्याच्या जागी तेवढ्याच उंचीचा गुलाबी कागद दुमडून ठेवायचा आणि त्यावर फर्म्याचा नंबर घालायचा. गुलाबी दिसला की शिवणाऱ्याने थांबायचं. ही त्यांच्या कारखान्यातली रीत.

मी गुलाबी कागद ठेवला होता. त्यावर लिहिलंही होतं, "९, माझ्याकडे". म्हणून तर निर्धास्त होते. कागद तिथे असताना बाबा शिवणार नाहीत, याबद्दल मला शंकाच नव्हती.

ती पुस्तकं रॉकेट विमानांच्या चाचण्यांच्या इतिहासावरची होती. मी बीएस्सीला होते, वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. असली पुस्तकं मी का वाचत होते, तर त्यांत भीतीबद्दल सरळ लिहिलेलं होतं. त्यांतलं रॉकेट विमान स्वतःहून जमिनीवरून उडायचंच नाही. एका मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगून त्याला वर न्यायचे. फोटो बघून आई म्हणाली होती, "माकडिणीच्या पोटाला पिल्लू लटकतं तसं आहे." पण माकडीण पिल्लाला सोडून देत नाही. इथे ढगांच्याही खूप वर नेऊन सोडून द्यायचे, आणि पडता पडता वैमानिकाने इंजिन पेटवायचं. इंधन मिनिट-दीड मिनिटात संपलं की पुढे सगळं इंजिनाशिवाय. उतरायचं एका सुकलेल्या तळ्याच्या पांढऱ्या तळावर, मागे चाकांऐवजी पोलादी पट्ट्या घासत. तसली जमीन मी फक्त मुर्ध्याला, मिठागरांत बघितली होती. बसच्या खिडकीतून ती दिसली की मी मनात उतरून बघायचे.

वैमानिकांच्या अंगाला तारा लावून त्यांची नाडी मोजत असत. बोलणं थंडगार, नाडी मात्र जीव घेऊन पळणाऱ्या माणसाची. ते वाचून मला जरा धीर आला होता. बाहेरून मीही शांतच दिसते.

नवव्या फर्म्यात एका अपघाताची हकिकत होती. बसमध्ये वाचायला म्हणून मी तो काढला. त्याच आठवड्यात जर्नल सबमिट करायचं होतं, त्या धावपळीत तो माझ्या डोक्यातून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाबांकडे बघत बसले, आधी कधी बघितलं नव्हतं तसं. कप हातात घेण्याआधी त्यांचं बोट बशीच्या कडेवरून फिरलं. सुईत दोरा ओवायला ते खिडकीशी गेले, दोनदा हुकले, तिसऱ्यांदा जिभेच्या टोकावर दोरा लावून बोटांनीच ओवला. टीव्हीवर बातम्या लागल्या तेव्हा ते त्याच्याकडे तोंड करून बसले होते, पण बघत नव्हते, ऐकत होते. हे किती महिने चाललं असेल? त्यांना गुलाबी रंग दिसला नव्हता. मी बोलले तर चूक माझी निघणार होती, पण तिच्यासोबत हेही बाहेर येणार होतं. नाही बोलले तर मॅडम पुस्तक उघडणार, आणि बाबांचं काम जाणार.

मी बोलले नाही. शनिवारीही नाही.

शनिवारी दुपारी मॅडमचाच फोन आला. बाबा उभं राहून बोलले, फोनवर नेहमी तसेच बोलतात. ठेवल्यावर त्यांचा चेहरा फुलला होता.

"मंगळवारी कॉलेजात तपासणीला माणसं येतायत. आपली विमानाची पुस्तकं टेबलावर मांडणार म्हणे. समोर!"

"अगं बाई," आई म्हणाली, "आता तुमचाही फोटो लावा म्हणावं बाजूला."

"फोटो कशाला, शिवण बोलते माझी."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

रविवारी आई भाजी आणायला गेली तेव्हा मी फर्मा त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी तो हातात घेतला, अंगठ्याने पानं मोजली, घडीवरून बोट फिरवलं. नंबर वाचायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"कितवा?"

"नववा. मी वाचायला घेतला होता. माझी चूक आहे, बाबा. पण मी गुलाबी ठेवला होता."

"बोटाला पातळ लागला होता मला," ते म्हणाले. "शिवताना. वाटलं, अर्धा फर्मा असेल. असतो कधीकधी."

"मग विचारायचं ना मला."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

मला वाटत होतं की घरात घाबरणारी मी एकटीच.

"उद्या मी जातो नि सांगतो, पोरीने पान काढलं," ते म्हणाले. "पोरंटोरं करतात असं. मॅडम समजून घेतील." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण कागदावर तू लिहिलंयस ना काहीतरी?"

"हो."

"मोठ्या अक्षरात?"

"हो, बाबा." म्हणजे तो कागद त्यांना दिसला नाही हे मॅडमना कळू शकत होतं; तरी चूक माझी असं मी म्हणायचं आणि पोरंटोरं करतात असं त्यांनी म्हणायचं, एवढं ठरलं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने निघालो. फर्मा मी वहीत घालून छातीशी धरला होता. रस्ताभर मी एकच वाक्य पाठ करत होते आणि दर सिग्नलला ते विसरत होते. बाबा उतरताना पायरी शोधत पाय खाली सोडतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

लायब्ररीत पुस्तकं टेबलावर मांडून झाली होती, पांढऱ्या चादरीवर. मॅडम कपाटावरची धूळ झटकत होत्या.

"या काका! आज कन्यारत्न पण? कौतुक बघायला आणलंत वाटतं."

मी टेबलाशी गेले, पुस्तक उचललं आणि उघडून त्यांच्यापुढे धरलं. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. मॅडमनी गुलाबी कागद बघितला. तो सुबक शिवलेला होता, अगदी मधोमध, चार टाक्यांत.

"हे काय? हळदीकुंकवाचं आमंत्रण घातलंत का मध्ये?" मग त्यांनी माझं अक्षर वाचलं. हसू गेलं. "९, माझ्याकडे. म्हणजे?"

"म्हणजे सोळा पानं माझ्याकडे राहिली, मॅडम," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की वाचत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. "मी काढली होती वाचायला. चूक माझी आहे."

मी बाबांकडे बघितलं नाही. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की पोरंटोरं करतात असं. ठरलं होतं तसं.

"नाही मॅडम," बाबा म्हणाले. "तिने खूण ठेवली होती. मला दिसली नाही. वर्ष झालं, नीट दिसत नाही मला. पुठ्ठा उलटा लागला तोही त्यामुळेच."

मॅडमनी पुस्तक मिटलं. पंखा फिरत होता, चादरीचं टोक हलत होतं. मला तो क्षण आठवत होता, जेव्हा खटका ओढतात आणि विमान सुटतं.

"काका," त्या हळू म्हणाल्या, "तुम्ही मला आधी सांगायचं होतं. आता हे मी उद्या मांडू शकत नाही." पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "एवढं नीट करून आणा. पुढचा गठ्ठा नाही देणार मी. डोळे दाखवा, डॉक्टर काय म्हणतात त्याचा कागद आणा, मग बघू. देईनच असंही म्हणत नाहीये."

त्या दुपारी खिडकीशी बसून बाबांनी शिवण उसवली. बघायची त्यांना गरज नव्हती, बोटांनी टाका सापडत होता. गुलाबी कागद त्यांनी अलगद काढून माझ्याकडे दिला. त्या जागी मी नववा फर्मा ठेवला. बाकीच्या फर्म्यांच्या कडा कापून झालेल्या, त्यामुळे तो एकटा पुढे डोकावत होता.

"काय एवढं होतं यात?" त्यांनी विचारलं. "वाच."

मी मराठी करून सांगत गेले. समोरच्या तबकडीतला एकच काटा दोन कामं करायचा, एक खटका कसा लावलाय त्यावर. वैमानिकाला वाटलं काटा एक दाखवतोय, तो दाखवत होता दुसरंच. विमान हळूहळू आडवं होत गेलं आणि त्याला वाटत राहिलं, आपण सरळ चाललोय.

"खालून कुणी सांगितलं नाही त्याला?"

"खाली बसलेल्यांना ते दिसत नव्हतं. त्याने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता."

"मग? उतरला का?"

इथे फर्मा संपत होता. पुढचा टेबलावर सुटा पडला होता, पण तो मी आधीच वाचला होता.

"नाही, बाबा."

ते सुई हातात धरून बसले. आई चहा ठेवून गेली. बाबांच्या थोरल्या भावाचा डोळा गावी ऑपरेशनमध्ये गेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

"तो डोळ्यांचा डॉक्टर," ते म्हणाले, "आत बसू देतो का कुणाला सोबत?"

"विचारता येईल."

"तू विचारशील?"

"हो," मी म्हणाले. माझी नाडी कुणी मोजत नव्हतं ते बरं होतं.